‘पिशवीला सूज’ला कोड नाही: गायनॅक रेफरलच्या चिठ्ठीवर काय टाकायचं

विट्याच्या एका दवाखान्यातल्या सिस्टरांचा प्रश्न आहे. त्यांचे सर जनरल प्रॅक्टिस करतात आणि आठवड्याला दहा-बारा बायकांना सांगली-मिरजेला गायनॅककडे पाठवतात. चिठ्ठीवर बहुतेक वेळा ‘गायनॅक ओपिनियन’ एवढंच असतं. पूर्वी तेवढ्यावर भागायचं. आता नव्या सॉफ्टवेअरमध्ये निदानाचा आयसीडी कोड, म्हणजे आजारांच्या जागतिक यादीतला क्रमांक, भरल्याशिवाय रेफरलची प्रिंटच निघत नाही. सिस्टर विचारतात, “रेफरल रुटीन असतं म्हणून मी सगळ्यांना झेड ०१.४ टाकते. सर कॅन्सरची शंका म्हणाले तर सी ५३.९. एवढं चालेल का? आणि मागचे चुकले असतील तर बदलून टाकू का?”

सिस्टर, चालणार नाही. पण वाईट वाटून घेऊ नका. मी आधी वॉर्डात स्टाफ नर्स होते, मग मिरजेत रेकॉर्ड विभागात, म्हणजे एमआरडीत आले आणि तिथं बावीस वर्षं काढली. पहिल्या वर्षी मीही हेच करत होते. घरी ‘कोड भरायचं काम लागलंय’ असं सांगितलं तेव्हा सासूबाईंना वाटलं, मी अंगावरच्या पांढऱ्या डागांच्या ओपीडीत गेले!

सगळा घोळ ‘रुटीन’ या शब्दाचा आहे. सर ‘रुटीन पाठवा’ म्हणतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं की घाई नाही, गाडी करायला नको, सोमवारी एसटीनं ओपीडीत गेली तरी चालेल. झेड ०१.४ मधलं रुटीन वेगळं. तिथं बाईला काहीही त्रास नसतो, ती नुसती आतून तपासून घ्यायला, पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, करून घ्यायला आलेली असते. आपल्या भागात अशी बाई विरळाच. मुलीचं लग्न, उसाची लागण, सासऱ्यांचं मोतीबिंदू, सगळं उरकून, दुखणं अंगावर काढून काढून मगच ती दवाखान्याची पायरी चढते. तिच्या चिठ्ठीवर तुम्ही झेड टाकता तेव्हा लिहून देता की हिला काही होत नाही. आयसीडीत झेडचं प्रकरण आजारांचं नाहीच, दवाखान्यात येण्याच्या इतर कारणांचं आहे. तिकडं भरलेल्या ओपीडीत निवासी डॉक्टर चिठ्ठ्या चाळतो, त्यात ही खाली जाते. आणि विम्याचा प्रश्न आला तर ‘तपासणीसाठी आली होती’ म्हणून कागद परत येतो.

म्हणून पहिलं सरांना विचारायचं ते हे की बाई काय सांगत आली. रेफरलचा कोड म्हणजे तिचा आजार नव्हे, ती आज तुमच्या दारातून पुढं का गेली त्याचं कारण. निदान झालेलं असेल तर निदान टाका. नसेल तर लक्षण टाका, त्यात कमीपणा काही नाही. ‘पाळीत फार जातं’ याला कोड आहे, ‘ओटीपोटात दुखतं’ याला आहे, ‘अंग बाहेर येतं’ यालाही आहे.

आता सी ५३.९ बद्दल. हा गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा कोड आहे, शंकेचा नाही. माझ्या डोळ्यांसमोरचं प्रकरण सांगते. चाळिशीतली बाई, संबंधानंतर रक्त जायचं. पाठवणाऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर प्रश्नचिन्ह काढून कॅन्सरची शंका लिहिली. भरणाऱ्यानं प्रश्नचिन्ह गाळून सी ५३.९ टाकलं, कारण सॉफ्टवेअरमध्ये प्रश्नचिन्हाला जागाच नव्हती. बायोप्सीत नुसता मुखाचा जुना दाह निघाला, औषधानं बरी झाली. दोन वर्षांनी पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा विमा कंपनीनं विचारलं, कॅन्सरचे कागद कुठं आहेत? नसलेल्या कॅन्सरचे कागद कुठून आणायचे? बायोप्सीचा रिपोर्ट शोधत तिचा नवरा तीन महिने फिरत होता. त्या दिवशी टाकायचा कोड होता एन ९३.०, म्हणजे संबंधानंतर किंवा स्पर्शानं होणारा रक्तस्राव. डॉक्टरची शंका त्याखाली शब्दांत लिहायची. ती लिहायचीच, कारण त्या शंकेमुळेच बाईला लवकर बघतात. फक्त कोडाच्या चौकटीत ती घालायची नाही.

याला एक खोच आहे. ती आत्ताच सांगून ठेवते, कारण कुणीतरी जाणकार एक दिवस तुम्हाला पुस्तक उघडून दाखवेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० च्या दुसऱ्या खंडात नियम आहे की उपचाराचा टप्पा संपल्यावरही निदान ‘संशयित’ असंच लिहिलेलं असेल आणि दुसरी काहीच माहिती नसेल, तर ते पक्कं असल्यासारखं कोड करावं. नियम खरा आहे. पण त्यात दोन अटी आहेत, टप्पा संपलेला हवा आणि दुसरी माहिती नको. रेफरलच्या वेळी टप्पा संपलेला नसतो, उलट सुरू होत असतो. आणि लक्षण तर चिठ्ठीवर समोरच असतं. त्याच नियमांत असंही आहे की निदान झालंच नसेल तर मुख्य लक्षण किंवा तपासणीतली मुख्य गडबड हेच मुख्य कारण धरावं. अमेरिकेतले ओपीडीचे नियम याहून स्पष्ट आहेत, तिथं ‘बहुधा’, ‘शंका’, ‘नाकारता येत नाही’ अशी निदानं ओपीडीत कोड करायचीच नसतात. मी लक्षणाच्या बाजूची. झेड ०३.१ हा ‘कॅन्सरच्या शंकेसाठी निरीक्षण’ असा कोड दिसेल, त्याला भुलू नका. तपासून शंका खोटी ठरली तर तो तिकडच्यांनी टाकायचा असतो, पाठवणाऱ्यांनी नाही.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर दुसरा खड्डा दाखवते. तुम्ही कोड गूगलवर शोधत असाल. गूगल जे दाखवतं ते बहुतेक वेळा अमेरिकेच्या सुधारित आवृत्तीतलं असतं, सीएम म्हणतात ती. अमेरिकेनं ती १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केली. आपल्याकडच्या दवाखान्यांत आयसीडी-१० म्हटलं की सहसा जागतिक संघटनेचं मूळ पुस्तक, ते १९९० साली मंजूर झालं आणि १९९४ पासून वापरात आलं. दोन्हींची मुळं एक, फांद्या वेगळ्या. झेड ०१.४ मूळ पुस्तकात तेवढ्यावरच संपतो. अमेरिकेत त्याचे झेड ०१.४११ आणि झेड ०१.४१९ असे भाग पडतात, तपासणीत काही सापडलं की नाही त्यावरून. अंडाशयाची गाठ मूळ पुस्तकात एन ८३.२, अमेरिकेत उजवी-डावी सांगणारे आणखी आकडे लागतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे गायनॅकच्या कोडात टिंबानंतर एकापेक्षा जास्त आकडे दिसले की तो बहुधा अमेरिकेचा. आधी सॉफ्टवेअरवाल्याला विचारा की आत कोणतं पुस्तक घातलंय, आणि मग एकाच पुस्तकाला धरून राहा. काही ठिकाणी आकडा तोच आणि अर्थ वेगळा असतो, तिथं फसगत मोठी. ओ ०४ मूळ पुस्तकात वैद्यकीय गर्भपात आहे. अमेरिकेत तोच क्रमांक गर्भपातानंतरच्या गुंतागुंतींचा. आणि ओ हे अक्षर आहे, शून्य नव्हे. शून्य टाइप केलं की सॉफ्टवेअर कोड सापडत नाही म्हणतं आणि आपण चिडून दुसराच टाकतो. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की नव्या मुलींना पहिल्या दिवशी तेच सांगायचे.

आता रोजच्या तक्रारी. सर्वांत जास्त येते ती ‘अंगावरून जास्त जातं’. इथं बाईला दोन गोष्टी विचाराव्या लागतात आणि त्या विचारायला तुमच्यासारखी सिस्टरच बरी, सरांना त्या पटकन सांगत नाहीत. वय काय, आणि पाळी ठरल्या दिवशी येते का. वेळेवर येते पण फार जातं, तर एन ९२.०. केव्हाही येते आणि फार जातं किंवा मध्येच जातं, तर एन ९२.१. तेरा-चौदा वर्षांची पोर, पाळी नुकतीच सुरू झालीय आणि थांबत नाही, तर एन ९२.२. पाळी जायच्या उंबरठ्यावरची बाई असेल आणि डॉक्टरांनी तसं लिहिलं असेल तर एन ९२.४. नुसतं वय सत्तेचाळीस आहे म्हणून आपल्या मनानं एन ९२.४ टाकायचं नाही.

पाळी पूर्ण जाऊन बारा महिने उलटले आणि मग रक्त दिसलं, तर एन ९५.० आणि दुसरं काही नाही. हा एक कोड तुम्ही कधीही चुकवू नका. बाई ‘परत पाळी आली’ असं म्हणते, कधी कधी खुशीत म्हणते. शेजारीण सांगते की येते असं एखादीला. तुम्ही ऐकता आणि अनियमित पाळी म्हणून एन ९२.६ टाकता. त्या दोन कोडांत तिकडं जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पाळी गेल्यावरचं रक्त म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर नाही ना हे आधी बघायचं, सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजायची, गरज पडली तर तुकडा तपासायचा. बहुतेकींना कॅन्सर नसतो, आतून कोरडं पडून रक्त आलेलं असतं. पण तो नाही हे बघितल्यावर म्हणायचं. एन ९५.० असलेली चिठ्ठी ‘रुटीन, सोमवारी’ म्हणून जाता कामा नये, त्याच आठवड्यात जायला हवी.

‘पाळी उशिरा येते, दोन-दोन महिने येत नाही’ यालाही पुष्कळजण एन ९२.६ टाकतात. पुस्तकात त्याखाली सरळ लिहिलंय की अंतर वाढलेली किंवा थोडी जाणारी पाळी यात धरू नका, ती एन ९१ मध्ये आहे. उशिरानं येणारी पाळी एन ९१.५, येत होती ती बंदच पडली तर एन ९१.१. आणि पीसीओडीचा कोड ई २८.२ सोनोग्राफीवाल्यानं ‘अंडाशयात छोट्या गाठी’ लिहिलं म्हणून टाकायचा नाही. निदानाला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पाळीची गडबड, पुरुषी संप्रेरकांचा जोर आणि सोनोग्राफीतलं चित्र. ते ठरवायचं डॉक्टरांनी. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या कागदावर ई २८.२ पडलं की ते तिच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

रक्त जाऊन जाऊन बाई पांढरीफटक पडलेली असते. हिमोग्लोबिन सात. म्हणून तुम्ही ॲनिमियाचा कोड टाकू नका. रिपोर्टातल्या आकड्यावरून निदान करायचा अधिकार आपल्याला नाही. सरांना विचारा, त्यांनी ‘रक्तस्रावामुळे लोह कमी’ लिहिलं की दुसरा कोड म्हणून डी ५०.० टाका. तो असला की तिकडं रक्ताची सोय आधीच बघतात. बीपी, शुगर, थायरॉइड यांचंही तेच, डॉक्टरांनी लिहिलेलं असेल तर आय १०, ई ११.९, ई ०३.९ मागं जोडा.

दुखण्याला एन ९४ चा गट. पाळीत दुखतं आणि डॉक्टरांनी कारण सांगितलेलं नाही, तर एन ९४.६. एन ९४.४ आणि एन ९४.५ मधला फरक आजार मागे आहे की नाही याचा आहे, तो तपासल्याशिवाय कळत नाही. पाळीशी संबंध नसलेलं ओटीपोटातलं दुखणं आर १०.२. ‘अंग बाहेर येतं’ याला एन ८१. किती बाहेर ते डॉक्टरांनी बघितलं असेल तर पहिल्या-दुसऱ्या पायरीला एन ८१.२, पूर्ण बाहेर असेल तर एन ८१.३, बघितलं नसेल तर एन ८१.४. खोकताना, मोळी उचलताना लघवी सुटत असेल तर एन ३९.३ शेजारी टाका. ती तक्रार बाई आपणहून सांगत नाही, विचारली की मान खाली घालून हो म्हणते.

आणि आता ती ‘पिशवीला सूज’. वाळव्यापासून जतपर्यंत अशी बाई नसेल जिला कुणी ना कुणी हे सांगितलेलं नाही. हे निदान नाही, बोलायची पद्धत आहे. डॉक्टर बाईला समजावं म्हणून बोलतात, बाई ते धरून बसते आणि पुढच्या दवाखान्यात तेच सांगते. त्याच्या मागे चार-पाच वेगळ्या गोष्टी असू शकतात. सोनोग्राफीत गर्भाशय नुसतं मोठं दिसलं असेल, तर एन ८५.२. मुखाला दाह असेल, तर एन ७२. गर्भाशय, नळ्या, आजूबाजूला जंतूंची लागण असेल, तर एन ७३.९. अस्तर स्नायूंत शिरलेलं असेल, म्हणजे डॉक्टर ॲडिनोमायोसिस म्हणतात ते, तर एन ८०.०. आणि कधी कधी सूज म्हणजे चक्क फायब्रॉइडची गाठ असते, डी २५.९; रिपोर्टात जागा दिली असेल तर डी २५.० आतल्या बाजूची, डी २५.१ भिंतीतली, डी २५.२ बाहेरची. या सगळ्यांचे उपचार वेगळे. एकीला गोळ्या पाच दिवस, दुसरीला ऑपरेशन. तेव्हा चिठ्ठीवर ‘पिशवीला सूज’ दिसलं की पेन खाली ठेवा आणि सरांना विचारा की म्हणजे नक्की काय. उत्तर ‘बघायचंय अजून’ असं आलं, तर बाईचं जे दुखणं आहे तेच टाका.

पांढरं जाण्याचंही असंच. नुसतं पांढरं जातं, तर एन ८९.८. खाज जास्त असेल, तर एल २९.२. डॉक्टरांनी बघून बुरशी लिहिली असेल तरच बी ३७.३. तपासताना मुखावर लाल भाग दिसला आणि त्यांनी ‘इरोजन’ लिहिलं, तर एन ८६. इथं थोडं विषय सोडून बोलते. गाळप हंगामात आपल्या कारखान्यांवर बीडकडच्या टोळ्या येतात. पाळीत खाडा पडला की मुकादमाचा दंड, फडात संडास नाही, पाणी नाही. त्या बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पांढरं जाणं आणि इरोजन ही पिशवी काढायची कारणं नव्हेत. पंचविशीतल्या बाईच्या चिठ्ठीवर एन ८९.८ आणि शेजारी ‘पिशवी काढण्यासाठी’ असं दिसलं, तर तुम्ही नुसत्या कोड भरणाऱ्या असलात तरी सरांकडे जाऊन विचारा. खरा कोड लिहिण्याचा हाही एक उपयोग आहे. पिशवी काढायची म्हणून आधी भारदस्त निदान शोधायचं, ही उलटी गंगा मी पाहिलीय आणि तिच्यात माझ्या हातून काही भरलं गेलं नाही एवढंच समाधान.

पाळी चुकलेली असेल तर एन गटाकडे जायच्या आधी एकच प्रश्न: लघवीची तपासणी झाली का? दिवस गेलेले असतील तर बहुतेक सगळं ओ गटात जातं आणि तिथले नियम वरचढ ठरतात. दोन महिन्यांची गरोदर बाई, थोडं रक्त गेलं, तर तो एन ९३.९ नाही, ओ २० चा गट आहे. तपासणी अजून झालेली नसेल तर झेड ३२.०. काही त्रास नसलेली गरोदर बाई नाव नोंदवायला पाठवली, तर झेड ३४. मागचं सिझर असेल तर ओ ३४.२ शेजारी, डॉक्टरांनी लिहिलं असेल तर. गरोदर बाईला सोनोग्राफीला पाठवताना मात्र नुसता कोड टाकून भागत नाही; गर्भलिंग निदानविरोधी कायद्याच्या एफ फॉर्मला डॉक्टरांची सही असलेली, कारण शब्दांत लिहिलेली चिठ्ठी लागते. म्हैसाळचं २०१७ चं बेकायदा गर्भपातांचं प्रकरण झाल्यापासून आपल्या जिल्ह्यात या कागदाकडे कुणी डोळेझाक करू नये.

मग झेड कधीच नाही का? आहे की. तक्रार नाही आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चाळणी करायला पाठवलं, तर झेड १२.४. स्तनांची असेल तर झेड १२.३. तांबी बसवायला झेड ३०.१, बसवलेली बघायला झेड ३०.५. मूल हवंय म्हणून तपासण्या करायला झेड ३१.४. आरोग्य केंद्रात तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची व्हिनेगरसारखं पाणी लावून तपासणी करतात, तिला व्हीआयए म्हणतात. त्यात मुख पांढरं दिसलं की बाई पुढं येते. हिला काय टाकायचं यावर आमच्यात वाद व्हायचा. आर ८७.६ हा पॅप स्मिअरच्या रिपोर्टात गडबड निघाली तर असतो, म्हणजे पेशी घेऊन तपासलेल्या असाव्या लागतात. व्हीआयएत कुणी काही काढून घेत नाही. एन ८७, म्हणजे मुखाच्या पेशींतला कॅन्सरपूर्व बदल, तो बायोप्सीनंतर. म्हणून मी झेड १२.४ टाकते आणि पुढं ठळक लिहिते, ‘व्हीआयए पॉझिटिव्ह’. शब्दांशिवाय तो कोड इथं अपुरा आहे.

तिकडून परत आलेल्या चिठ्ठीवर ‘एयूबी-एल’ असं काही लिहिलेलं दिसेल. घाबरू नका. अवेळी किंवा जास्त रक्त जाण्याची कारणं सांगायची ती पद्धत आहे, स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं २०११ साली आणलेली. एल म्हणजे फायब्रॉइड, म्हणून डी २५. ए म्हणजे ॲडिनोमायोसिस, म्हणून एन ८०.०, पी म्हणजे पॉलिप, आतला असेल तर एन ८४.०. ते अक्षर कोड नाही, कोडाकडे बोट दाखवतं एवढंच. आता कारण कळलंय, तेव्हा तुमच्या पुढच्या चिठ्ठीवर जुनं एन ९२.१ ओढत बसू नका.

विम्याचं शेवटी सांगते, कारण लोक आधी तेच विचारतात. क्लेमच्या फॉर्मचा ब भाग रुग्णालय भरतं, त्यात आयसीडी-१० ची जागा असते आणि तो कोड भरणारा माणूस बऱ्याचदा तुमच्या चिठ्ठीवरून उतरवतो. म्हणजे तुमची चूक वारसानं पुढं जाते. अंडाशयात मोठी गाठ असलेल्या, मूल नसलेल्या एका बाईला पाठवणाऱ्यानं एन ९७.९ टाकलं होतं, वंध्यत्वाचं. तिला पाठवलं होतं गाठीच्या दुखण्यासाठी. वंध्यत्वाचे उपचार बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात, क्लेम अडकला. खरं कारण एन ८३.२ होतं आणि सोनोग्राफी त्याला साक्षी होती. पण उलटंही येतं. नातेवाईक काउंटरवर वाकून म्हणतात, “मॅडम, क्लेम पास होईल असं काहीतरी टाका की.” नाही टाकायचं. चिठ्ठीवरचा शब्द, सोनोग्राफी आणि कोड हे तिन्ही एकमेकांशी बोलले पाहिजेत. तपासणारा ते तिन्ही शेजारी ठेवूनच बघतो. महात्मा फुले योजनेत पॅकेजचे कोड वेगळे असतात, ते आरोग्यमित्र आणि रुग्णालय बघतील. ते आयसीडीच्या जागी भरू नका.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, मागचे कोड बदलू का. एकट्यानं नाही. झेड ०१.४ टाकलेल्या सगळ्या चिठ्ठ्यांची यादी काढा आणि सरांना घेऊन संध्याकाळी बसा. ज्या बायका अजून तिकडं गेलेल्या नाहीत किंवा ज्यांचे उपचार चालू आहेत, त्यांचे आधी बघा. पन्नाशीच्या पुढच्या आधी, त्यांच्यात एखादी एन ९५.० असेल तर तिला उद्याच फोन करा. सी ५३.९ टाकलेल्या झाडून सगळ्या बघा. कागदावर चूक असेल तर जुनं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, व्हाइटनर नाही, शेजारी नवं, सरांची सही आणि तारीख. सॉफ्टवेअरमध्ये जुनी नोंद खोडायची नाही, दुरुस्ती म्हणून नवी करायची. आणि सुधारलेली चिठ्ठी बाईच्या हातात द्या, जुनी तिच्या पिशवीत राहू देऊ नका. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद जपून ठेवते आणि पुढच्या डॉक्टरसमोर नेमका जुनाच आधी काढते.